कप्तान सांगतो एक, दीपगृहवाला सांगतो दुसरंच: एफ. जे. किंग कसं सापडलं

अमेरिकेतल्या लेक मिशिगनला नावापुरतं तळं म्हणायचं, बाकी पसारा जवळजवळ ५८,००० चौरस किलोमीटर, कुठे कुठे खोली २८० मीटर, आणि वादळ आलं की समुद्रासारख्याच लाटा. तिथल्या पाच मोठ्या सरोवरांत मिळून कमीत कमी ६,००० जहाजं बुडाली असावीत असा अंदाज आहे, आणि त्यातली बरीचशी अजून कुणाला सापडलेलीच नाहीत. मला या सगळ्यात सगळ्यात भारी वाटतं ते एफ. जे. किंग नावाचं जहाज, कारण ते सापडलं त्यात मशीनइतकाच जुन्या कागदांचा वाटा आहे.

हे तीन डोलकाठ्यांचं लाकडी स्कूनर, म्हणजे शिडाचं मालवाहू जहाज, १४४ फूट लांब, १८६७ साली टोलीडोत बांधलेलं. सप्टेंबर १८८६ मध्ये एस्कनाबा बंदरातून लोखंडाचं खनिज भरून शिकागोला निघालं आणि विस्कॉन्सिनच्या बेलीज हार्बरजवळ वादळात अडकलं, ८-१० फुटी लाटांनी फळ्यांचे सांधे उघडले, खलाशी तासन्‌तास पंप मारत राहिले पण पाणी काही आटेना, शेवटी कप्तान विल्यम ग्रिफिनने सगळ्यांना छोट्या होडीत उतरवलं आणि १५ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास जहाज पुढच्या टोकाकडून खाली गेलं. माणसं वाचली, दुसऱ्या एका जहाजाने त्यांना उचललं.

आता कोडं इथे आहे. कप्तान म्हणाला, किनाऱ्यापासून साधारण पाच मैलांवर बुडालं. पण विल्यम सँडरसन नावाच्या दीपगृहाच्या रखवालदाराने सांगितलं की डोलकाठ्यांची टोकं पाण्याबाहेर दिसतायत, आणि ती किनाऱ्याच्या बरीच जवळ. पुढची कित्येक दशकं शोधणारे बहुतेक कप्तानाच्याच शब्दावर गेले आणि हात हलवत परत आले. १९७० च्या दशकात तिथल्या एका डायव्हिंग क्लबने तर १,००० डॉलरचं बक्षीस लावलं होतं, तरी नाही.

नीट विचार केला तर दीपगृहवाल्याचीच साक्ष पक्की ना! कप्तान काळोखात, वादळात, जीव वाचवायच्या धावपळीत होता, त्याला अंतर कसं कळणार, आणि हा माणूस पक्क्या जमिनीवर उभा, रोज तेच पाणी बघणारा. शिवाय टोकं वर दिसली म्हणजे जहाज सरळ बसलं असेल तर तिथली खोली डोलकाठीच्या उंचीपेक्षा कमीच असणार, हा आणखी एक धागा. ब्रेंडन बेलॉड या इतिहास अभ्यासकाने हेच धरून त्या जागेभोवती दोन चौरस मैलांची चौकट आखली आणि २८ जून २०२५ ला टीम घेऊन गेला.

शोधायला वापरतात तो साइड-स्कॅन सोनार. बोटीमागे केबलला बांधलेलं एक यंत्र पाण्यातून ओढत नेतात, ते दोन्ही बाजूंना आवाजाच्या लहरी सोडतं, तळावरून परत आलेल्या प्रतिध्वनीतून चित्र बनतं, आणि उंच वस्तूच्या पलीकडे लहरी पोचत नाहीत म्हणून तिथे काळी सावली पडते, तिच्यावरून उंची काढता येते. शेत नांगरल्यासारख्या शेजारीशेजारी पट्ट्या मारत जायचं. त्या दिवशी स्क्रीनवर साधारण १४० फुटांची आकृती आली, आणि जागा कुठली, तर सँडरसनने सांगितली होती तिथून अर्ध्या मैलाच्याही आत!

एवढं जड खनिज घेऊन आपटलेलं जहाज, सगळ्यांना वाटलेलं तुकडे झाले असणार, पण सांगाडा चांगला शाबूत निघाला. लाकूड एवढं टिकतं कसं? खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे शिपवर्म असतात, दिसायला अळीसारखे पण खरं तर शिंपल्यांचे भाऊबंद, ते काही वर्षांत फळीची चाळण करतात (कोकणातल्या लाकडी होड्यांनाही हाच त्रास), पण गोड्या पाण्यात ते जगत नाहीत. त्यात गोडं पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं त्यामुळे खोल तळाशी तेच गार पाणी वर्षभर बसून राहतं, आणि गारठ्यात लाकूड कुजवणारे जीवाणू, बुरशी अगदी हळू चालतात.

पण हे फार दिवस असं राहणार नाही, आणि याचीच मला जास्त काळजी वाटते. पूर्व युरोपातल्या पाण्यातली क्वागा नावाची नखाएवढी शिंपली जहाजांच्या तळटाकीतल्या पाण्यातून तिथे पोचली, आता ती सापडेल त्या लाकडाला चिकटून थरावर थर चढवतात. पाणी गाळून एवढं नितळ करतात की डायव्हर्सना लांबचं दिसतं, हे खरं, पण त्याच थराखाली जहाजाचे बारकावे झाकले जातात आणि वजनाने फळ्या मोडतात.

मग वर काढून ठेवा ना, असं कुणालाही वाटेल. ते करून झालंय. १८६४ मध्ये बुडालेलं अल्विन क्लार्क नावाचं स्कूनर १९६९ साली अख्खं वर काढलं, पण पाणी मुरलेलं लाकूड सुकताना आकसतं, चिरतं, आणि ते थांबवायला लागणारी लांबलचक महागडी प्रक्रिया झालीच नाही, शंभर वर्षं पाण्यात टिकलेलं जहाज वर २५ वर्षांत सडलं आणि १९९४ मध्ये मोडून टाकलं. म्हणून आता सापडलेलं जहाज तिथेच ठेवतात, डायव्हर्स हजारो फोटो काढतात आणि ते कॉम्प्युटरवर जोडून थ्रीडी मॉडेल करतात. विस्कॉन्सिनमधल्याच अल्गोमाजवळ २०२३ मध्ये सापडलेल्या, १८८१ साली बुडालेल्या ट्रिनिडाड स्कूनरचं असं मॉडेल झालंय, आणि ते तर २७० फूट खाली आहे.