नोड बदलणं वेगळं, स्नॅपशॉटवरून रिस्टोअर करणं वेगळं

एटसीडी म्हणजे एकच डेटा अनेक मशीनवर (नोडवर) सारखा ठेवणारा डेटाबेस. त्याचं तीन नोडचं क्लस्टर, त्यातल्या एकाची डिस्क गेली की ग्रुपवर पुढचा मेसेज ठरलेला: "कालचा स्नॅपशॉट कुठे ठेवलाय?" अहो, कशाला पाहिजे ती बॅकअप फाइल? दोन नोड चालू आहेत, त्यांच्याकडे आत्तापर्यंतचा सगळा डेटा आहे, क्वोरम (निर्णयाला लागणारं बहुमत) शाबूत आहे, आणि तुम्ही रात्रीची शिळी फाइल शोधत बसलाय. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

क्वोरमचं गणित सगळ्यांना येतं, ३ मध्ये २ लागतात, ५ मध्ये ३, पुढे चला.

क्वोरम असेल तर नोड बदलायचा, बस. मेंबर रिमूव्ह, मग मेंबर ॲड, नव्या मशीनवर डेटा डिरेक्टरी रिकामी, इनिशियल-क्लस्टर-स्टेट हा फ्लॅग "एक्झिस्टिंग" ठेवून सुरू करा. बाकी लीडर (सगळ्यांना डेटा पाठवणारा मुख्य नोड) बघतो, नवा नोड फारच मागे असेल तर तो स्वतःहून त्याला आख्खा डेटाबेस पाठवतो, तुम्ही मध्ये पडायचं काम नाही. फक्त क्रम उलटा करू नका. मेलेला न काढता आधी नवा घातला तर मेंबर झाले ४, क्वोरम झाला ३, चालू आहेत २, आणि नव्याच्या यूआरएलमध्ये एक टायपो असला की बसा बोंबलत. एटसीडी ३.४ पासून नव्याला आधी लर्नर म्हणून घेता येतं, म्हणजे डेटा भरेपर्यंत त्याला मत नसतं. मी तसंच करतो.

आता खरी गोम. स्नॅपशॉट रिस्टोअर म्हणजे जुन्या क्लस्टरमधला नोड परत उभा करणं नाही, ते आहे नवं क्लस्टर जन्माला घालणं, ज्यात योगायोगाने जुना डेटा आहे. रिस्टोअर करताना मेंबर आयडी आणि क्लस्टर आयडी दोन्ही नव्याने लिहिले जातात, आणि हे मुद्दाम केलंय. तरी लोक एका नोडवर रिस्टोअर मारतात, त्याला चालू क्लस्टरला जोडायला जातात, लॉगमध्ये क्लस्टर आयडी मिसमॅच दिसलं की "एटसीडी बगी आहे" म्हणून मोकळे होतात. बगी कसलं, त्याने तुम्हाला वाचवलंय.

कसं ते बघा. ए, बी, सी असे तीन नोड. एक एंट्री ए आणि बी वर लिहिली गेली, सी थोडा मागे आहे. दोघांनी "लिहिलं" म्हटलं, एंट्री कमिट (पक्की) झाली, क्लायंटला ओके गेलं. आता ए ला तासाभरापूर्वीच्या स्थितीत नेलं पण ओळख जुनीच ठेवली, तर त्याला ती एंट्री आठवतच नाही. तेवढ्यात बी चं नेटवर्क गेलं. ए आणि सी मिळून बहुमत होतं, लीडर निवडला जातो, आणि क्लायंटला ओके मिळालेली ती एंट्री क्लस्टरच्या लेखी कधी झालीच नाही. राफ्टचा, म्हणजे नोडमध्ये एकमत ठेवणाऱ्या एटसीडीच्या पद्धतीचा, सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: नोड मरेल, उशीर करेल, पण एकदा "लिहिलं" म्हणाला की विसरणार नाही. विसरलेल्या नोडला जुन्या नावाने परत घेतलं की तो पायाच गेला.

म्हणूनच माझा सगळ्यात जास्त राग व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) स्नॅपशॉट रिव्हर्ट करणाऱ्यांवर आहे. रिस्टोअरच्या कमांडमध्ये निदान आयडी बदलतो. एकाच नोडचा व्हीएम किंवा डिस्क मागे नेली तर आयडी तेच राहतात, कोणी अडवत नाही, नोड हसतमुखाने जॉइन होतो. नशीब बरं असेल तर कमिट इंडेक्स लॉगच्या पलीकडचा आहे म्हणत पॅनिक (क्रॅश) होऊन पडतो. ते पॅनिक गायब करायच्या युक्त्या शोधू नका, नोड काढा, डिरेक्टरी पुसा, नवा म्हणून घाला.

क्वोरम कायमचा गेला तरच रिस्टोअर. त्यातही ५ पैकी २ नोड जिवंत असतील तर आधी त्यांच्याकडे बघा, त्यातला जो पुढे असेल तो फोर्स-न्यू-क्लस्टर या फ्लॅगने एकटा उभा करून बाकीचे जोडले तर रात्रीच्या फाइलपेक्षा ताजा डेटा हाती लागतो. काहीच उरलं नसेल तर एकच फाइल, परत सांगतो एकच, सगळ्या नोडवर कॉपी करा आणि प्रत्येकावर त्याच्या त्याच्या नावाने आणि पीअर यूआरएलने (ज्या पत्त्यावर बाकीचे नोड त्याला गाठतात) एकाच वेळी रिस्टोअर चालवा. डेटाबेसच्या आकाराचा डीफॉल्ट कोटा २ जीबीचा असतो, फाइल काही अवाढव्य नसते, त्यामुळे एकावर रिस्टोअर करून बाकीचे एकेक जोडत बसण्यात मला काही अर्थ दिसत नाही. (इलास्टिकसर्च या सर्च इंजिनची गोष्ट वेगळी, तिथे डेटा टेराबाइटमध्ये असतो, मी रेप्लिका (जास्तीच्या प्रती) शून्य ठेवून आधी प्रायमरी (मूळ प्रत) रिस्टोअर करतो आणि नंतर रेप्लिका वाढवतो.) क्लस्टर टोकन (क्लस्टर ओळखायचं नाव) मात्र नवं द्या. आयडी पीअर यूआरएल आणि टोकनवरून काढले जातात, दोन्ही जुनेच ठेवले तर जुने आयडी परत येऊ शकतात, आणि कुठे कोपऱ्यात एखादा जुना नोड जागा झाला तर गोंधळ.

कमांड इटीसीडीयूटीएलची (etcdutl) वापरा, इटीसीडीसीटीएलमधलं (etcdctl) रिस्टोअर ३.६ मध्ये काढून टाकलंय.

एटसीडीवर कुबरनेटीस (कंटेनर सांभाळणारी प्रणाली) चालत असेल तर आधी त्याचे एटसीडीशी बोलणारे सगळे एपीआय सर्व्हर बंद करा. रिस्टोअरने रिव्हिजन (प्रत्येक बदलाला वाढणारा नंबर) मागे जातो, आणि कंट्रोलरांच्या (बदल बघून काम करणाऱ्या प्रोग्रामांच्या) कॅशमध्ये पुढचा नंबर असतो, म्हणजे क्लस्टर हिरवं दिसतं पण कंट्रोलर जुन्याच जगात वावरत असतात. त्यासाठी बम्प-रिव्हिजन आणि मार्क-कम्पॅक्टेड हे दोन फ्लॅग आहेत. पहिल्याला १ अब्जासारखा भरभक्कम आकडा द्या, म्हणजे नंबर पुढेच राहतो, दुसऱ्याने जुने वॉच (बदलांवर ठेवलेली नजर) तुटतात आणि सगळ्यांना यादी नव्याने वाचावी लागते. वर कंट्रोलर मॅनेजर, शेड्युलर आणि क्युबलेट (प्रत्येक मशीनवरचा एजंट) रीस्टार्ट करा.