चिवट कोण: गडग्यावरचा की खडपावरचा?

जगातला सगळ्यात चिवट प्राणी कोणता, हा विषय कोकणात कुठल्याही पडवीत काढून बघा. कोणी वाशिष्ठीतल्या मगरीचं नाव घेईल, कोणी बिबट्याचं. जुनी माणसं घोरपडीवर ठाम असतात. शाळकरी मुलं झुरळ म्हणतात, कारण अणुयुद्धानंतर फक्त झुरळंच उरतील असं त्यांनी मोबाइलवर ऐकलेलं असतं. आणि जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले तेव्हापासून या यादीत टार्डिग्रेडची भर पडली आहे. त्यांच्यासोबत गेलेल्या सात भारतीय प्रयोगांपैकी एक या अर्ध्या मिलिमीटरच्या आठ पायांच्या जीवावर होता. त्याला 'अमर' म्हणणारे संदेश तेव्हा घरोघरी फिरले.

टार्डिग्रेड अमर नाही. कोमट पाण्यातसुद्धा तो मरतो. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये रामाझोटियस व्हॅरिऑर्नाटस या जातीवर प्रयोग केले. हिंडत्या-फिरत्या टार्डिग्रेडना २४ तास ३७.१ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवलं, तर त्यातले निम्मे मेले. म्हणजे आपल्या अंगाइतकी ऊब त्यांना घातक ठरली. त्याच जातीचे वाळलेले टार्डिग्रेड घेतले तेव्हा निम्मे मरायला एक तासासाठी ८२.७ अंश तापमान लागलं. वेळ इथे कमी होता हे खरं, पण प्राणी तोच, जनुकं तीच, मुख्य फरक अंगातल्या पाण्याचा. 'चिवट कोण' याआधी 'कुठल्या अवस्थेत आणि कशापुढे चिवट' हे विचारायला हवं, ते या दोन आकड्यांमुळे.

बाकीच्या उमेदवारांचं थोडक्यात आटपतो. झुरळ माणसापेक्षा बरंच जास्त किरणोत्सर्ग सोसतं हे खरं, पण कीटकांत त्याच्याहून सोशिक कितीतरी आहेत. मगर आणि बिबट्या बलवान आहेत, पण बळ आणि चिवटपणा या दोन गोष्टी वेगळ्या. घोरपडीच्या नखांची पकड जबरदस्त असते, मात्र तिला दोर बांधून मावळे कडा चढले ही आख्यायिकाच. या समजुतीची किंमत ती बिचारी आजही मोजते आहे. कंबरदुखीला तिचं तेल, ताकदीसाठी तिचं मांस, आणि 'हाथाजोडी' नावाची लक्ष्मी आणणारी मुळी म्हणून विकलं जाणारं नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय! चिवट जनावर खाल्ल्याने चिवटपणा अंगात येत नाही. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला मारणं हा गुन्हा आहे.

आता गडग्याकडे, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाकडे वळू. चिऱ्याच्या किंवा धोंड्यांच्या गडग्यावर मिरगाचा पाऊस पडला की आठवड्याभरात हिरवी मखमल चढते. आपण तिला सरसकट शेवाळ म्हणतो, पण त्यातलं बरंचसं मॉस असतं. शाळेच्या पुस्तकातलं फ्युनारिया आठवत असेल, 'वनस्पतीसृष्टीचे उभयचर' म्हणून शिकवतात ते. दिवाळीनंतर ते वाळायला लागतं आणि एप्रिलपर्यंत काळपट भुसा होऊन दगडाला चिकटून राहतं. ते मेलेलं नसतं. त्यात राहणारी जनावरंही मेलेली नसतात. टार्डिग्रेड, रोटिफर आणि सूक्ष्म गोलकृमी, तिघेही मॉसच्या पानांवरच्या पाण्याच्या पातळ थरात जगतात. थर आटला की तेही आटतात. टार्डिग्रेड पाय आत ओढून घेतो, अंग मिटतो, शरीरातलं जवळजवळ सगळं पाणी गमावतो आणि पिंपाच्या आकाराची एक गोळी होऊन बसतो. चयापचय मोजता येणार नाही इतका मंदावतो.

पाणी गेल्यावर पेशीचं नेमकं काय बिघडतं? मला या सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत देखणा वाटतो, म्हणून इथे जरा थांबू.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी. ती विशिष्ट घड्या घालून राहते आणि त्या घड्या टिकतात त्या भोवतालच्या पाण्यामुळे. पाण्याचं वावडं असलेले तेलकट भाग आत दडतात, बाकीचे बाहेर राहतात. पाणी आटलं की घड्या उलगडतात, आतले तेलकट भाग उघडे पडतात आणि शेजारच्या प्रथिनाच्या तशाच भागांना चिकटतात. एकदा असा गठ्ठा झाला की तो सहसा सुटत नाही. पेशीच्या पटलाची तऱ्हा आणखी निराळी. ते मेदरेणूंचा दुहेरी थर असतं. प्रत्येक रेणूचं डोकं पाण्याकडे, दोन शेपट्या आत. डोक्यांमधलं पाणी गेलं की रेणू एकमेकांना भिडतात, शेपट्या दाटीने रचल्या जातात आणि एरवी वाहतं असलेलं पटल घट्ट जेलच्या अवस्थेत जातं. खरा घात होतो तो पुन्हा पाणी मिळाल्यावर. जेलमधून परत प्रवाही होताना पटलात फटी पडतात आणि पेशीतला ऐवज बाहेर गळतो. म्हणजे वाळवलेला जीव पुष्कळदा वाळताना तगतो आणि भिजताना मरतो. शिवाय वाळताना डीएनएचे धागे तुटतात.

यावर निसर्गाचा एक जुना उपाय आहे ट्रेहॅलोज ही साखर. ग्लुकोजच्या दोन रेणूंचे पहिल्या क्रमांकाचे कार्बन एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे दोन्ही रेणूंची क्रियाशील टोकं त्या जोडणीतच अडकतात. नुसतं ग्लुकोज एवढ्या प्रमाणात साठवलं असतं तर त्याने प्रथिनांशी अभिक्रिया करून ती नासवली असती. ट्रेहॅलोज ते करत नाही. त्याच्या अंगावरचे हायड्रॉक्सिल गट मेदरेणूंच्या डोक्यांशी आणि प्रथिनांच्या पृष्ठभागाशी हायड्रोजन बंध करतात, म्हणजे पाण्याने सोडलेली जागा घेतात. शिवाय पाणी अगदी कमी झालं की हा द्राव स्फटिक न होता काच होतो. भौतिकशास्त्राच्या अर्थाने खरोखरची काच: रेणूंची रचना द्रवासारखी विस्कळीत, पण हालचाल गोठलेली. स्फटिक झाले असते तर त्यांनी पटलं फाडली असती. काचेत मात्र सगळं जिथल्या तिथे अडकून पडतं, आणि रेणू हलू शकत नसल्यामुळे बिघाडाच्या रासायनिक अभिक्रियाही जवळपास थांबतात. बेकरीतलं ड्राय यीस्ट पाकिटात महिनोन्‌महिने टिकतं त्यात ट्रेहॅलोजचा मोठा वाटा आहे. आफ्रिकेत कातळावरच्या डबक्यांत राहणाऱ्या पॉलिपेडिलम व्हँडरप्लँकी या माशीच्या अळीत वाळल्यावर वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा ट्रेहॅलोज असतं. आपल्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या डबक्यांत पाऊस सुरू झाल्यावर काही दिवसांत उताणी पोहणारी, कोळंबीसारखी पारदर्शक जनावरं दिसतात. ती फेअरी श्रिंप. ती काही आभाळातून पडत नाहीत, बेडूकही पडत नाहीत. आधीच्या पावसाळ्यात घातलेली फेअरी श्रिंपची अंडी आठ महिने कोरड्या मातीत पडून असतात आणि पाणी मिळालं की फुटतात.

टार्डिग्रेडही ट्रेहॅलोजवरच तगत असणार असं बरीच वर्षं धरून चालले होते. तपासल्यावर अनेक जातींत ते अगदी थोडं निघालं, काहींत सापडलंच नाही. २०१७ मध्ये थॉमस बूथबी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की इथे काम करतात ती वेगळीच प्रथिनं. त्यांना स्वतःची ठाम घडीच नसते. भरपूर पाण्यात ती सैल, विस्कटलेली असतात. पेशी वाळायला लागली की त्यांचे भाग वळून मळसूत्री होतात, अनेक रेणू जोडले जाऊन तंतू बनतात, तंतूंचं जाळं होऊन पेशीत जेल तयार होतं आणि शेवटी तेही काचेच्या अवस्थेत जातं. हापूसच्या पेटीत पेंढा असतो तो आंबा आंब्यावर घासू नये म्हणून. ही प्रथिनं इतर प्रथिनांच्या मध्ये अशीच पसरतात आणि गठ्ठे होऊ देत नाहीत. पाणी आलं की जाळं विरघळतं. हे सगळं व्हायला वेळ लागतो, म्हणूनच पाणी हळूहळू आटलं पाहिजे. टार्डिग्रेडला झटकन वाळवलं तर तो सहसा मरतो. मॉसची गादी पाणी सावकाश सोडते, हे त्याच्या पथ्यावर पडतं.

याचा उपयोगही दिसू लागला आहे. रक्त गोठवणारं फॅक्टर आठ हे औषध हिमोफिलियाच्या रुग्णांना लागतं आणि ते थंड ठेवावं लागतं. २०२३ मध्ये बूथबी यांच्याच गटाने टार्डिग्रेडचं एक प्रथिन आणि ट्रेहॅलोज वापरून ते शीतकपाटाशिवाय टिकवून दाखवलं. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसलेल्या गावांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

किरणोत्सर्गाचं कोडंही इथेच सुटतं असं मला वाटतं. किरणोत्सर्गाची मात्रा ग्रे या एककात मोजतात. उपचार मिळाले नाहीत तर चार-पाच ग्रे मात्रेने निम्मी माणसं दगावतात. टार्डिग्रेड काही हजार ग्रे सोसतो. पृथ्वीवर एवढा नैसर्गिक किरणोत्सर्ग कुठेच नाही, मग ही ताकद आली कशी? वाळण्यातून, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. वाळताना डीएनए तुटतो, किरणांनीही तुटतो. एका संकटासाठी जमवलेली दुरुस्तीची यंत्रणा दुसऱ्याला कामी येते. टोकियोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये टार्डिग्रेडमधलं 'डीसप' नावाचं प्रथिन शोधलं. ते डीएनएला लपेटून बसतं. माणसाच्या पेशींमध्ये ते घातल्यावर क्ष-किरणांनी होणारी मोडतोड सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. या पेशी काचेच्या बशीतल्या होत्या. त्यावरून 'किरणोत्सर्ग न लागणारा सैनिक' तयार होणार म्हणणं हा निव्वळ बोभाटा आहे. तसंच 'आपल्या योग्यांना ही समाधी ठाऊक होती' हेही. ध्यानाने श्वास मंदावतो, नाडी मंदावते. पेशीतलं पाणी काढून तिथे काच बसत नाही.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांना २०२० मध्ये त्यांच्या आवारातल्या मॉसमध्ये असा टार्डिग्रेड मिळाला, जो जंतुनाशक अतिनील दिव्याखाली निळा चमकतो. घातक अतिनील किरण शोषून तो ते निरुपद्रवी प्रकाशाच्या रूपात सोडतो. त्यासाठी त्यांना अंटार्क्टिकाला जावं लागलं नाही.

तुम्हालाही लागणार नाही. पावसापूर्वी गडग्यावरचं किंवा कौलावरचं सुकं मॉस चिमूटभर खरवडून घ्या. एका बशीत पावसाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात रात्रभर भिजवा, नळाचं क्लोरीनवालं पाणी नको. सकाळी ते बशीतच पिळा आणि खाली बसलेला गाळ शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ४० पट मोठा करून बघा. वळवळणारे गोलकृमी आधी दिसतील, मग डोक्यावर चक्रं फिरवणारे रोटिफर. टार्डिग्रेड दिसला तर ओळखायला कष्ट नाहीत: गुबगुबीत अंग, नखांचे चार जोड पाय आणि हिरव्या पानाला धरून चाललेली संथ धडपड. पहिल्या नमुन्यात नसला तर दुसऱ्या भिंतीवरचं मॉस घ्या.

टार्डिग्रेडच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. टिकून राहण्याच्या कालावधीत तो पहिला नाही. अंटार्क्टिकातलं मॉस तीस वर्षं गोठवून ठेवलं होतं, त्यातले दोन टार्डिग्रेड आणि एक अंडं जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये जिवंत केलं. खात्रीलायक विक्रम तेवढाच. सायबेरियाच्या गोठलेल्या मातीतून मात्र २४ हजार वर्षांपूर्वीचा रोटिफर आणि सुमारे ४६ हजार वर्षांपूर्वीचा गोलकृमी पुन्हा हलते झाले आहेत. आणि २०१९ मध्ये चंद्रावर आदळलेल्या इस्रायली यानातले टार्डिग्रेड? केंट विद्यापीठात गोठवलेले टार्डिग्रेड बंदुकीतून वाळूवर झाडून पाहिले, तर सेकंदाला साधारण ९०० मीटरपलीकडच्या वेगाला एकही वाचला नाही. चंद्रावर कोणी उरलं असण्याची आशा फार थोडी.

तरीही मला एकच नाव घ्यायला लावलं तर मी गडग्यावरच्या कुणाचंच घेणार नाही. मी कालव म्हणेन. वाळलेला टार्डिग्रेड सोसत नाही, तो थांबलेला असतो. त्याच्या पेशीत काही चाललेलंच नसतं, त्यामुळे बिघडण्यासारखंही फार कमी उरतं. खडपावरच्या, म्हणजे किनाऱ्याच्या खडकावरच्या कालवाला मात्र थांबण्याची ही सोय नाही. ओहोटी लागली की कालवं काढणाऱ्या बायका कोयती घेऊन खडपावर उतरतात तेव्हा पायाखालचा दगड चटके देत असतो. त्याच दगडाला एका शिंपल्याने कायमचं चिकटून, दुसरा शिंपला घट्ट मिटून, आत थोडंसं पाणी धरून कालव बसलेलं असतं. हलता येत नाही, सावलीत जाता येत नाही. दिवसाला दोन ओहोट्या, आणि प्रत्येक वेळी पेशी भिजलेल्या, चालू, प्रथिनं उलगडायला टपलेली.

२०१२ मध्ये पॅसिफिक कालवाचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा उष्णतेने उलगडणारी प्रथिनं सावरून धरणाऱ्या एचएसपी ७० या प्रथिनाची ८८ जनुकं त्यात निघाली. माणसात ती १७ च्या आसपास आहेत. ते कालव पाण्याबाहेर ४९ अंशांपर्यंत तगतं. आपल्या खडपांवरचं कालव त्याच्याच कुळातलं. शिवाय त्याला पावसाळा काढावा लागतो. आषाढात खाडीच्या तोंडाशी पाणी पार गोडं होतं, तेव्हा ते शिंपले मिटून घेतं आणि ऑक्सिजनविना चालणाऱ्या चयापचयावर दिवसच्या दिवस काढतं. पूर फारच लांबला तर तेही मरतं, आणि मेल्यावर दगडाला फक्त खालचा शिंपला चिकटलेला राहतो. ही मर्यादा धरूनही माझं मत कालवालाच.