आईला नेट नको, पण फोरजी हवं

"आईला कशाला फोरजी? तिला कुठे नेट बघायचंय!" आईवडील गावी आणि मुलं पुण्या-मुंबईला, अशा घरात नवा फोन घ्यायची वेळ आली की हे वाक्य हमखास येतं. दर गणपतीत कुणाला तरी हेच समजावतो, म्हणून एकदा नीट लिहितोय.

स्मार्टफोन की बटणांचा, हे तुमचं ठरलेलं असणार. फोन आल्यावर हिरवं चक्र दाबायचं की सरकवायचं हे कळेपर्यंत ज्यांची रिंग संपते, त्यांना बटणांचाच द्या. मोठे आकडे, टॉर्च, एफएम सगळ्यांत असतं. रंग आईला विचारा.

खरी फसगत पुढे आहे. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले दोन बटणांचे फोन दिसायला जुळे असतात. एक टूजी म्हणजे जुन्या पिढीच्या नेटवर्कचा, दुसरा फोरजी म्हणजे नव्या. 'नोकिया ११०' आणि 'नोकिया ११० फोरजी', नावंसुद्धा तशीच. फोरजीवाला महाग, आणि आईला नेट नकोच आहे म्हणून आपण स्वस्तातला उचलतो.

फोरजी म्हणजे नेट, ही समजूतच चुकीची आहे. फोरजी हा टॉवरपासून फोनपर्यंतचा रस्ता. त्यावरून नेट जातं तसं बोलणंही जातं. त्या बोलण्याच्या सोयीला व्हीओएलटीई (VoLTE) म्हणतात, दुकानदार व्होल्टी म्हणतात. या सोयीसाठी डेटा पॅक लागत नाही. फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये आदेश काढल्यापासून फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्जही कंपन्यांना ठेवावे लागतात. तेव्हा आईने आयुष्यात कधी नेट उघडलं नाही, तरी तिला फोरजी फोन लागू शकतो.

कधी लागतो? जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालं ते थेट फोरजीवर, पुढे फाइव्हजी आलं. त्यांचं टूजी कधी नव्हतंच. त्यामुळे जिओचं सिम टूजी फोनमध्ये घातलं की रेंजची एक काडीही येत नाही. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलची सिमं टूजी फोनमध्ये चालतात, पण त्या कंपन्यांची रेंज घरात पोचत असेल तरच.

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या पोटात. तिथे फक्त जिओ लागतं. शेजारच्या काकूंच्या मुलाने मुंबईहून टूजी फोन आणला आणि त्यांचं चालू सिम त्यात घातलं. काकू तीन दिवस फोन हातात घेऊन आधी अंगणात, मग पाणंदीत, मग देवळाच्या चौथऱ्यावर उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, आपल्यालाच वापरता येत नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो: चूक खरेदीची आणि ओशाळतात म्हातारी माणसं.

म्हणून क्रम उलटा करा. आधी गावात फोन लावून विचारा, आपल्या माजघरात आणि मागच्या पडवीत कुणाची रेंज येते. त्यावरून सिम, आणि सगळ्यात शेवटी फोन. खोक्यावर नुसतं 'फोरजी' वाचून थांबू नका, व्हीओएलटीई ही अक्षरं शोधा. आणि २०२३ मध्ये आलेल्या जिओ भारतसारख्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही, हे घेण्याआधी माहीत असू द्या.

टूजी आणि फोरजी दोन्हींची रेंज येत असली तरी मी फोरजीच घेईन, आणि तेही कानासाठी. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो (हर्ट्झ हे आवाजाच्या पट्टीचं माप, आकडा जितका मोठा तितकी पट्टी वरची). 'स', 'श' यांची ओळख बरीचशी त्याच्या वर असते. वयाने वरच्या पट्टीतलं ऐकू येणं आधीच कमी झालेलं, त्यात फोनने आणखी कापायचं. मग गोळी 'सहा'ला की 'दहा'ला, हे तीनदा विचारावं लागतं. दोन्हीकडे व्होल्टी असेल तर आवाजाची पट्टी साधारण ७००० हर्ट्झपर्यंत जाते आणि 'सहा' हा 'सहा'च ऐकू येतो. टूजी फोनचं चार्जिंग जास्त टिकतं हे मान्य, पण तेवढ्यासाठी मी टूजी घेणार नाही.

'ज्येष्ठांसाठी खास' म्हणून संकटात दाबायच्या मागच्या लाल बटणाचे जास्त पैसे मागतात, त्याची मला गरज वाटत नाही. २०१७ पासून भारतात विकायच्या साध्या फोनमध्येही ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की ११२ या मदतीच्या नंबरला फोन लागण्याची सोय सक्तीची आहे. आपल्या फोनमध्ये कुठलं बटण आहे ते बघून आईला दाखवा.

मुंबईची गाडी पकडण्याआधी एक तास राखून ठेवा. फोन आईच्याच हातात द्या आणि तुम्ही वाडीबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहा. तिला आधी माजघरातून, मग पडवीतून, मग न्हाणीजवळून तुम्हाला फोन लावायला सांगा. जिथून लागला नाही ती जागा तिलाही कळेल आणि तुम्हालाही.