छुपी मोटर, सायकल शर्यतीतील

शर्यतीच्या सायकलीत बाहेरून दिसणार नाही अशा रीतीने बसवलेली विजेची मोटर. हिच्या वापराला सर्रास ‘यांत्रिक डोपिंग’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या (यूसीआय) नियमांत ‘तांत्रिक फसवणूक’ अशी संज्ञा आहे व तीच अधिक नेमकी होय. खेळाडूच्या शरीरात येथे काहीच जात नाही.

परिचित प्रकारात काठीसारखी लांबट मोटर सीटखालच्या नळीत उभी बसते. तिच्या खालच्या टोकाचे शंक्वाकृती दंतचक्र क्रँकच्या (पायडल जोडलेल्या दांड्याच्या) आसाला फिरवते, त्यामुळे जोर थेट पायडलांना मिळतो. बॅटरी त्याच नळीत किंवा पाण्याच्या बाटलीत मावते; बटण हँडलवरच्या पट्टीखाली दडते. ऑस्ट्रियात तयार होणारी ‘ग्रुबर असिस्ट’, पुढे ‘विवाक्स असिस्ट’, ही मोटर हौशी चालकांसाठी उघडपणे विकली जाई. बॅटरीसह तिचे वजन सुमारे २ किग्रॅ. भरे. शर्यतीच्या सायकलीचे वजन ६.८ किग्रॅ.पेक्षा कमी चालत नाही. कार्बनची फ्रेम वापरली तर सायकल त्याहून हलकी होते आणि मोटरीच्या वजनाला तेवढी जागा मिळते. हा जोर किरकोळ नव्हे. चालक व सायकल मिळून ७८ किग्रॅ. धरले, तर ५० वॉट जादा शक्तीने, हवेचा रोध व घर्षण सोडून, चढावर तासाला सुमारे २३० मी. अधिक उंची गाठता येते. घाटातल्या शर्यतींचा निकाल याहून पुष्कळ कमी अंतराने लागतो.

उगमाबद्दल एकमत नाही. ऑग्डेन बोल्टन यांनी १८९५ मध्ये मागच्या चाकाच्या हबमध्ये (मध्यभागी) मोटर असलेल्या सायकलीचे अमेरिकी पेटंट घेतले. काही लेखक इतिहास तेथून सुरू करतात, परंतु त्या मोटरीत लपवाछपवीचा हेतू नव्हता, म्हणून ती येथे पूर्वज म्हणून धरणे योग्य वाटत नाही. हंगेरीचे अभियंते इश्त्वान वार्याश यांच्या सांगण्यानुसार त्यांनी १९९८ मध्ये छुपी मोटर तयार केली, एका ग्राहकाने ती सुमारे २० लाख डॉलरला घेतली आणि दहा वर्षे ती इतरांना न विकण्याची अट घातली. हे खरे असेल, तर तो काळ शर्यतींच्या इतिहासात फार मोठा ठरतो. मात्र ग्राहकाचे नाव पुढे आलेले नाही आणि कथनाचा आधार बव्हंशी वार्याश यांचाच शब्द आहे. म्हणून सावध अभ्यासक छुप्या मोटरीच्या इतिहासाची सुरुवात म्हणून २०१० हे वर्ष धरतात, ते अधिक ग्राह्य दिसते. त्या वर्षी माजी सायकलपटू दावीदे कास्सानी यांनी इटालियन दूरचित्रवाणीवर अशी सायकल चालवून दाखवली. नामांकित विजेत्यांवर संशयही घेतले गेले, पण ते सिद्ध झाले नाहीत.

जागतिक पातळीवर सिद्ध झालेला प्रसंग बेल्जियममधील झोल्डरचा. जानेवारी २०१६ मध्ये तेथील सायक्लोक्रॉस (चिखल व अडथळ्यांच्या मार्गावरील सायकल शर्यत) जागतिक स्पर्धेत २३ वर्षांखालील गटातील फेम्के व्हान डेन ड्रीश हिच्या सायकलीच्या नळीत बॅटरीसह विवाक्स मोटर सापडली. हँडलच्या पट्टीखाली ब्लूटूथचे बटण होते. सायकल मित्राची आहे, असे तिचे म्हणणे होते. तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली व २०,००० स्विस फ्रँक दंड झाला.

तेथे मोटर पकडली ती चुंबकीय टॅब्लेटने. टॅब्लेटला जोडलेले उपकरण चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. ते फ्रेम व चाकांजवळून फिरवले, की आतल्या धातूमुळे व चुंबकांमुळे क्षेत्रात होणारा बदल पडद्यावर दिसतो. तपासणी झटपट होते. पण इलेक्ट्रॉनिक गिअरची बॅटरीही काही सायकलींत सीटच्या दांड्यातच असते, त्यामुळे खूण दिसली तरी सायकल उघडूनच पाहावी लागते. उष्णता टिपणारा कॅमेरा चालू किंवा नुकतीच बंद झालेली मोटर दाखवतो. घर्षणाने तापलेले बेअरिंगही त्यात उजळते. क्ष-किरण चित्र सर्वांत स्पष्ट. महासंघाने २०१८ मध्ये गाडीवरून नेता येणारा क्ष-किरण कक्ष आणला. त्यात अख्खी सायकल काही मिनिटांत तपासून होते. शर्यतीच्या मध्यातच सायकल बदलली गेली, तर शेवटच्या रेषेवरची एकच सायकल तपासून भागत नाही, संघाच्या गाडीवरचीही उतरवावी लागते.

रिममध्ये चुंबक बसवून जोर मिळवणाऱ्या चाकांविषयी बरेच बोलले जाते. शर्यतीत त्यांचा वापर सिद्ध झालेला नाही. स्थानिक शर्यतींत ही साधने क्वचितच असतात. तेथे सीटचा दांडा उपसून नळीत टॉर्चचा उजेड टाकणे, हाच भरवशाचा उपाय.