कुणाचा हात, कुणाच्या डोक्यावर : नागपूरच्या ऐक्यामागची पन्नास वर्षे

29 नोव्हेंबर 1970, रविवार. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला दिवस. नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा वेगवेगळ्या मंडळ्यांचे, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चसंस्थांचे, बिशप (वरिष्ठ धर्माधिकारी) आणि पाळक एकत्र जमले आणि त्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. दीक्षा देताना बिशपने पाळकाच्या डोक्यावर हात ठेवणे रोजचेच; पण इथे ज्यांच्या परंपरेत बिशप हे पदच नव्हते, त्यांचेही हात बिशपांच्या डोक्यावर होते. त्या दिवशी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपण सगळे ज्याला नुसते ‘सीएनआय’ म्हणतो ते, जन्माला आले. त्या काही मिनिटांच्या प्रार्थनेत कोणते शब्द असावेत आणि कोणते नसावेत, यावर ईशज्ञानाचे अभ्यासक कित्येक वर्षे बैठकांमागून बैठका घेत होते.

मुळात इतक्या मंडळ्या आल्या कुठून? महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर मिशनांनी मुलूख वाटून घेतला होता. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आले आणि पुढे अहमदनगर त्यांचा बालेकिल्ला झाला. नाशिककडे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेचे, नागपुरात स्कॉटिश, कोल्हापूर-मिरजेला अमेरिकन प्रेसबिटेरियन. एकमेकांच्या भागात पाय टाकायचा नाही, असा समजुतीचा करार. हेतू चांगला होता, भांडणे टळली. पण परिणाम असा झाला की माणूस कोणत्या पंथाचा, हे त्याच्या श्रद्धेपेक्षा त्याच्या तालुक्यावर ठरू लागले. नगरचा माणूस काँग्रिगेशनल (प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त मानणारा अमेरिकन मराठी मिशनचा पंथ), नाशिकचा अँग्लिकन. दोघे मुंबईला पोटापाण्यासाठी आले, सोयरीक जुळली, तरी रविवारी प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या पवित्र विधीला, एका मेजाशी बसायची पंचाईत. ज्या वादांवरून इंग्लंड-स्कॉटलंडात शतकांपूर्वी मंडळ्या फुटल्या, त्यांच्याशी यांचा काडीचा संबंध नव्हता.

हे दुखणे पहिल्यांदा मोठ्याने बोलून दाखवले ते तमिळ किनाऱ्यावरच्या त्रांकेबारला. 1 आणि 2 मे 1919 रोजी तिथे 33 जण जमले. दोघे वगळता सगळे भारतीय. पुढाकार होता व्ही. एस. अझरिया यांचा. हे 1912 मध्ये बिशप झालेले पहिले भारतीय अँग्लिकन. या बैठकीच्या निवेदनातली भाषा आजही अंगावर येते. आमच्यातल्या या फुटी आम्ही पाडलेल्या नाहीत, त्या बाहेरून आमच्यावर लादल्या गेल्या आणि त्या पुढे चालू ठेवण्याची आमची इच्छा नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. फुटीमुळे सुवार्तेच्या कामात आपण दुबळे ठरतो, हे त्यांचे मुख्य म्हणणे. म्हणजे ऐक्याचा विचार इथे कारभाराच्या सोयीसाठी सुरू झाला नाही. योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू प्रार्थना करतो, ‘त्या सर्वांनी एक व्हावे’, आणि लगेच कारणही देतो : जगाने विश्वास धरावा म्हणून. या माणसांनी ते कारण प्रार्थनेइतकेच गांभीर्याने घेतले. पुढे 1927 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला भरलेल्या, चर्चच्या ऐक्यावरच्या जागतिक परिषदेत अझरियांनी युरोप-अमेरिकेच्या धर्मपंडितांना तोंडावर सांगितले की तुमच्याकडे फूट ही कमजोरी असेल, आमच्याकडे ती पाप आहे.

त्रांकेबारची बैठक संपून आठवडा होतो न होतो तोच, 9 मे 1919 रोजी, मुंबईत मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक गेले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण मला त्या नेहमी शेजारी दिसतात. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. दक्षिणेचे लोक मंडळ्यांमधल्या भिंती पाडायला निघाले होते, टिळक मंडळीच्या बाहेरच्या भिंतीलाच दार पाडत होते. आणि त्यांची भजने? ती कुठल्याही करारनाम्याची वाट न पाहता सगळ्या मराठी मंडळ्यांत गायली जात होती. ऐक्याचा मसुदा तयार होण्याच्या किती तरी आधी आमचे गाणे एक झाले होते.

मसुद्याचे काम मात्र जिकिरीचे. दक्षिणेत त्याला 28 वर्षे लागली. खरी गाठ एकच : बिशप. अँग्लिकनांचे म्हणणे, प्रेषितांपासून हातांवर हात अशी अखंड परंपरा आली आहे, तिच्याशिवाय दीक्षा पुरी होत नाही. बाकीच्यांचे म्हणणे, मग आमच्या पाळकांनी आजवर दिलेले प्रभुभोजन काय खोटे होते? तोडगा असा निघाला : जुन्या कुणाला पुन्हा दीक्षा द्यायची नाही, नव्यांना यापुढे बिशपच दीक्षा देतील, आणि साधारण 30 वर्षांत भेद आपोआप विरून जाईल. 27 सप्टेंबर 1947 रोजी, स्वातंत्र्याला जेमतेम सहा आठवडे झाले असताना, मद्रासच्या सेंट जॉर्जेस कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. अझरिया हे पाहायला नव्हते. 1 जानेवारी 1945 ला त्यांचे निधन झाले होते. एवढे करूनही 1948 च्या लॅम्बेथ परिषदेत जगभरच्या अँग्लिकन बिशपांनी या नव्या मंडळीला पूर्ण मान्यता दिली नाही.

विरोध घरातूनही होता. मद्रासचे पी. चेंचय्या यांच्यासारख्या विचारवंतांना ही सगळी उठाठेव पाश्चात्त्यांचीच जुनी भांडणे मिटवण्याची वाटे. भारतीय माणसाला ख्रिस्त हवा आहे, बिशपांची वंशावळ नको, असा त्यांचा रोख. हा आक्षेप मला पूर्णपणे खोडता येत नाही.

उत्तरेत 1929 मध्ये लखनौला पहिली गोलमेज बैठक झाली. 1951 मध्ये वाटाघाटी समिती नेमली गेली आणि योजनेची चौथी, शेवटची आवृत्ती 1965 मध्ये तयार झाली. इथे गुंता जास्त होता, कारण जाणत्या वयातच बाप्तिस्मा देणारे बाप्तिस्ट आणि ब्रदरन हे पंथही सोबत होते. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालायचे, की जाणत्या माणसाने विश्वास कबूल करून पाण्यात उतरायचे? अभ्यासकांनी कुणालाच हरवले नाही. दोन्ही रीती मान्य, आईबापांनी ठरवावे, पाळकाच्या विवेकावरही जबरदस्ती नको. दीक्षेबाबत मात्र दक्षिणेची वाट सोडली. सुरुवातीलाच सर्वांनी सर्वांच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि ज्याच्याकडे जे उणे असेल ते देवाने द्यावे अशी प्रार्थना करायची. कुणाकडे काय उणे आहे, हे मुद्दाम लिहिले नाही. काहींनी याला पळवाट म्हटले. मला ती नम्रता वाटते : आपल्याकडेही काही कमी असू शकते, हे बिशपसुद्धा गुडघे टेकून कबूल करतो.

अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया (आमच्या नगरच्या मंडळ्या यातल्याच), ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, बाप्तिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स अशा सहा मंडळ्या नागपुरात एक झाल्या. सातवी यायची होती. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी वाटाघाटींत शेवटपर्यंत होती, पण 1970 मध्येच, अगदी उंबरठ्यावरून, ती मागे फिरली.

नव्या मंडळीने ब्रीद घेतले : ऐक्य, साक्ष, सेवा. पण मेजावरचा प्याला एक झाला तरी सातबारा एक होत नसतो. जुन्या ट्रस्टांच्या जमिनी, शाळा, बंगले यांवरून पुढची कित्येक वर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले की विलीनीकरणाचा नुसता ठराव केल्याने सार्वजनिक न्यासाची मालमत्ता नव्या मंडळीकडे जात नाही. त्यासाठी कायद्याची रीतसर प्रक्रिया लागते. हातांच्या प्रश्नावर इतकी वर्षे घालवणाऱ्यांनी विश्वस्तांच्या सह्यांसाठीही आणखी दोन बैठका घेतल्या असत्या, तर आज कज्जे लढणारी बरीच कुटुंबे एकाच बाकावर बसली असती.