मोमिनपुऱ्यातल्या मुलीला मराठी परकी नाही

‘मुसलमान मुलगी म्हणजे घरात एक संस्कृती, दाराबाहेर दुसरी, मराठी तिला परकीच,’ असं नागपुरात वर्षानुवर्षं बोललं जातं. हे साफ चूक आहे. उर्दू माध्यमातही मराठी विषय असतोच. २०२० च्या कायद्याने तर तो सगळ्याच शाळांत सक्तीचा झाला. मोमिनपुऱ्यातल्या, म्हणजे नागपूरच्या मुस्लिमबहुल वस्तीतल्या, दहावीच्या मुलीचं दप्तर बघा: उर्दूची वही उजवीकडून उघडते, मराठीची डावीकडून, आणि दोन्ही ती सारख्याच सहजपणे भरते. अन् हे शहर वसवलं कुणी? इस्लाम स्वीकारलेल्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने. सूफी संत ताजुद्दीनबाबांना आपल्या वाड्यात आणलं ते नागपूरच्या राजघराण्यातल्या रघुजीराजे भोसल्यांनी.

ओढाताण होते, नाही कशाला म्हणू? पण ती बरेचदा ‘अगं, तू मराठी किती छान बोलतेस!’ अशा कौतुकानेच सुरू होते. बाकावर शेजारी बसलेल्या मुलीला असं कुणी म्हणतं का?