सावलीत वाढलेल्या बुरशीला ऊन सोसेल का?

नागपूरच्या एखाद्या कृषी सेवा केंद्रात बिव्हेरिया बॅसियाना या मित्रबुरशीचे पाकीट मागितले, तर टाल्कमध्ये मिसळलेली पांढुरकी भुकटी हातात पडते आणि पाकिटावर ‘१.१५ टक्के डब्ल्यूपी’ (डब्ल्यूपी म्हणजे पाण्यात कालवून फवारायची भुकटी) या अक्षरांच्या सोबत, एका ग्रॅममध्ये किमान १ गुणिले १० चा आठवा घात, म्हणजे १० कोटी सीएफयू असल्याचे छापलेले आढळते. सीएफयू म्हणजे पोषक माध्यमावर ठेवल्यास स्वतंत्र वसाहत धरू शकणारे जिवंत घटक. या बुरशीच्या बाबतीत ते प्रामुख्याने तिचे बीजाणू असतात. हा आकडा नियमाने बंधनकारक आहे आणि तो असलाच पाहिजे, पण त्यावरून केवळ एवढेच कळते की प्रयोगशाळेच्या २५ ते २८ अंश तापमानात, ओलसर अगारवर (बुरशी वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर), अंधाऱ्या इन्क्युबेटरमध्ये इतके बीजाणू रुजले. तेच बीजाणू कपाशीच्या पानावर ऑक्टोबरच्या उन्हात किती तास टिकतील, याचे उत्तर त्या आकड्यात नाही. ते उत्तर बऱ्याच अंशी त्या बीजाणूंची आई-बुरशी कशावर, कशा उजेडात आणि कितव्या पिढीची म्हणून वाढवली गेली यात दडलेले असते.

किडींना मारणाऱ्या या बुरशींचा इतिहास जुना आहे. रेशीमकिड्यांचा पांढरा रोग एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो हे इटलीच्या आगोस्तिनो बासी यांनी १८३५ मध्ये दाखवून दिले आणि त्यांच्याच नावावरून त्या बुरशीला ‘बॅसियाना’ हे नाव मिळाले. पुढे १८७९ मध्ये इल्या मेचनिकॉव्ह यांनी ओडेसाच्या परिसरात गव्हावरील भुंगेऱ्यांना मारणारी हिरवी बुरशी ओळखली, जिला आज आपण मेटारायझियम म्हणतो. तिचे काम कसे चालते हे थोडक्यात सांगायचे तर, बीजाणू किडीच्या अंगाला चिकटतो, रुजतो, त्याच्या टोकाशी एक फुगीर पकड तयार होते आणि तेथून दाब व विकरे या दोहोंच्या बळावर बुरशी कातडीचे कवच भेदून आत शिरते. कीड काही दिवसांत मरते, आणि हवेत पुरेशी ओल असेल तर मेलेल्या किडीच्या अंगावर पांढरा किंवा हिरवा थर उमलतो. हा थर म्हणजे पुढच्या पिढीचे बीजाणू.

या साखळीतील नाजूक दुवा पहिलाच आहे. कातडी भेदून आत गेलेल्या बुरशीला बाहेरच्या हवामानाची फारशी फिकीर नसते, परंतु पानावर पडलेला बीजाणू रुजून आत शिरेपर्यंत उघड्यावरच असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पट्टा त्याच्या डीएनएमध्ये शेजारच्या घटकांना परस्परांशी चुकीच्या जागी जोडतो, आणि थेट उन्हात अवघ्या काही तासांत बहुतेक बीजाणू निकामी होतात. त्यात उष्णतेची भर पडते. कोरडा बीजाणू उष्णता बरीच सोसतो, पण एकदा भिजलेला बीजाणू ४५ अंशांच्या आसपास काही तासांतच मरू लागतो. म्हणूनच फवारणीचे द्रावण सकाळी कालवून टाकी दुपारभर बांधावर उन्हात ठेवणे हे त्या पाकिटाचे पैसे मातीत घालण्यासारखे आहे. संध्याकाळी फवारा, असे कृषी अधिकारी सांगतात ते याचसाठी.

नागपुरात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. येथे मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढे गेल्याची नोंद आहे, आणि तेव्हा शेतात पीक नसले तरी दुकानाच्या पत्र्याखालच्या फळीवर पाकिटे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ, दमट हवेत बुरशीला सारे काही अनुकूल असते. सोयाबीनवरच्या अळ्या पांढऱ्या-हिरवट बुरशीने आपोआप कडक होऊन पानाला चिकटलेल्या याच दिवसांत दिसतात. मात्र पाऊस सरतो, ऑक्टोबरचे ऊन तापू लागते आणि हवेतील ओल उतरते, तेव्हाही कपाशीवर किडी असतातच. (गुलाबी बोंडअळी यात धरू नये. ती अंड्यातून बाहेर पडताच बोंडात शिरत असल्यामुळे बुरशीच्या हाती फारशी लागत नाही. तुडतुडे, पांढरी माशी आणि जमिनीतील हुमणी ही बुरशीची खरी गिऱ्हाइके.) म्हणजे येथील शेतकऱ्याला हवे असलेले बीजाणू नुसते जिवंत असून भागत नाही, ते सोशीकही असावे लागतात.

आता सोशीकपणा येतो कुठून? काही अंशी तो जन्मजात असतो. ब्राझीलचे संशोधक गिल्बर्टो ब्रागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाच्या वेगवेगळ्या अक्षांशांवरून गोळा केलेले मेटारायझियमचे वाण तपासले, तेव्हा विषुववृत्ताच्या जवळचे वाण अतिनील किरणांना सामान्यतः सहज दाद देत नव्हते आणि थंड प्रदेशांतील वाण लवकर हार मानत होते. रंगाचाही वाटा आहे. ज्या उत्परिवर्तित वाणांच्या बीजाणूंत हिरवे रंगद्रव्य उरत नाही, ते पांढरे बीजाणू हिरव्या बीजाणूंपेक्षा किरणांपुढे लवकर मान टाकतात. पण वाण एकच ठेवला, जनुकांत काहीही फरक केला नाही आणि फक्त त्याला वाढवण्याची पद्धत बदलली, तरी त्याच्या बीजाणूंची सहनशक्ती मोठ्या प्रमाणात बदलते, हे गेल्या सुमारे दोन दशकांतील प्रयोगांतून पुढे आलेले सत्य मला अधिक रंजक वाटते.

ड्राउझिओ रॅंजेल आणि डोनाल्ड रॉबर्ट्स यांनी अमेरिकेतील युटा स्टेट युनिव्हर्सिटीत या प्रश्नाचा सविस्तर पाठपुरावा केला. त्यांनी मेटारायझियमचा एकच वाण निरनिराळ्या ताटांत वाढवला. एका ताटात बटाट्याचा अर्क आणि साखर असलेले, प्रयोगशाळेत नेहमी वापरले जाणारे सकस माध्यम होते. दुसऱ्यात क्षार होते पण साखर अजिबात नव्हती, म्हणजे बुरशीला जवळजवळ उपाशीच ठेवले होते. आणि तिसरीकडे बुरशी तिच्या नैसर्गिक अन्नावर, म्हणजे किडीच्या मृत शरीरावर वाढू दिली होती. मग तिन्हीकडचे बीजाणू गोळा करून त्यांना अतिनील किरणांची आणि उष्णतेची झळ दिली. उपाशी बुरशीचे बीजाणू सकस माध्यमावरच्या बीजाणूंपेक्षा सुमारे दुप्पट सोशीक निघाले. सर्वांत नाजूक ठरले ते किडीच्या अंगावर तयार झालेले बीजाणू.

हा शेवटचा निकाल पहिल्यांदा वाचताना खटकतो. निसर्गात जन्मलेले बीजाणू प्रयोगशाळेतल्या बीजाणूंपेक्षा काटक असतील, असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु मेलेली कीड म्हणजे बुरशीच्या दृष्टीने प्रथिने आणि चरबी यांनी भरलेले पंचपक्वान्नाचे ताट आहे, आणि ज्या बुरशीला काही कमी पडलेले नाही तिला वाईट दिवसांची तयारी करण्याचे कारण मिळत नाही. शिवाय असे बीजाणू बहुधा पालापाचोळ्याच्या सावलीत, ओलसर मातीवर पडतात, आणि तिथे उन्हाशी झुंजण्याची वेळ कमीच येते. ही दुसरी बाब माझा तर्क आहे, प्रयोगातून सिद्ध झालेली नाही.

उपासमारीने नेमके काय घडते? अन्न तुटले की बुरशीची पेशी वाढीचा वेग कमी करते आणि बचावाची यंत्रणा चालू करते. ट्रेहॅलोज नावाची एक शर्करा आणि मॅनिटॉल हा साखरेचाच नातलग असलेला पदार्थ, हे दोन्ही या काळात तयार होणाऱ्या बीजाणूंत अधिक साठलेले आढळतात. पेशीतील पाणी कमी झाले किंवा तापमान चढले, की ट्रेहॅलोज प्रथिनांच्या घड्या विस्कटू देत नाही आणि पेशीपटलांना आधार देते. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, त्रास उपासमारीचा असला तरी तयारी उष्णतेचीही होते आणि किरणांचीही. एका संकटाने दुसऱ्याची रंगीत तालीम व्हावी, असा हा प्रकार आहे. म्हणूनच माध्यमात मीठ वाढवून पाणी ओढून घेतले, साखरेऐवजी बुरशीला न रुचणारे दुधातील लॅक्टोज दिले किंवा प्राणवायू कमी केला, तरी बीजाणू कमी-अधिक प्रमाणात काटक होतात.

सोशीकपणा मिळवताना मारकशक्ती गमावली जाईल, ही शंका स्वाभाविक आहे. पण उपाशी बुरशीचे बीजाणू सकस माध्यमावरच्या बीजाणूंपेक्षा लवकर रुजले, किडीच्या कातडीला अधिक घट्ट चिकटले आणि मारण्यातही सरस ठरले. गमावले ते उत्पादन. उपाशी बुरशी बीजाणू फारच थोडे देते. आणि येथेच विज्ञान आणि बाजार यांची गाठ पडते, कारण पाकीट विकले जाते ते संख्येवर. उत्पादकाने उकडलेल्या तांदळाच्या कणीवर किंवा ज्वारीच्या दाण्यांवर बुरशी भरघोस वाढवावी आणि १० कोटींचा आकडा सहज गाठावा, हे आर्थिकदृष्ट्या शहाणपणाचेच आहे. त्याने मुद्दाम अर्धपोटी ठेवून निम्म्याहून कमी पण दुप्पट काटक बीजाणू काढले, तर सध्याच्या लेबलवर त्याची कुठेही दखल घेतली जाणार नाही.

यातून निघणारी एक तुलनेने स्वस्त वाट म्हणजे उजेड. रॅंजेल यांच्याच गटाने २०११ मध्ये दाखवले की मेटारायझियम रॉबर्ट्सी ही बुरशी सकस माध्यमावरच, पण अंधाराऐवजी सतत पांढऱ्या उजेडात वाढवली, तर तिचे बीजाणू अतिनील किरण अंधारातल्या बीजाणूंपेक्षा अधिक सोसतात. बुरशीला डोळे नसले तरी निळ्या प्रकाशाची चाहूल घेणारी प्रथिने असतात. उजेड म्हणजे ऊन येण्याची सूचना, असे तिच्या पेशी मानतात आणि डीएनएची दुरुस्ती करणारी विकरे आधीच तयार ठेवतात. नागपूरकर घराबाहेर पडण्याआधी डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, त्यातलाच हा भाग. इन्क्युबेटरचे दार बंद करून बुरशी अंधारात ठेवण्याची सवय आपल्या अनेक लहान उत्पादन-केंद्रांत आहे, आणि तिथे दोन ट्यूबलाइट लावून पाहायला हरकत नाही असे मला वाटते. मात्र उजेडासोबत खोलीचे तापमान वाढणार नाही, याची काळजी घ्यावी लागेल.

आतापर्यंत सांगितलेला परिणाम एका पिढीपुरता आहे. उपाशी वाढलेल्या बुरशीचे बीजाणू घेऊन ते सकस माध्यमावर लावले, की पुढची पिढी पुन्हा मऊ होते. पण प्रयोगशाळेतील वाढीचा दुसरा परिणाम सावकाश, पिढ्यान्‌पिढ्या साचत जातो, आणि तो समजण्यासाठी घरच्या विरजणाचे उदाहरण पुरेसे आहे. कालच्या दह्याचे आज, आजच्याचे उद्या, असे विरजण महिनोन्‌महिने लावत गेले की दही कधी तार धरते, कधी फार आंबट होते, आणि मग शेजारच्या घरून ताजे विरजण आणावे लागते. बुरशीही अगारच्या एका ताटातून दुसऱ्यात अशी पुन्हा पुन्हा लावत गेली, की हिरव्या वसाहतीत पांढरे, कापसासारखे पट्टे उमटू लागतात. त्या पट्ट्यांत बीजाणू फारसे धरत नाहीत. वांग चेंगशू, तारिक बट आणि रेमंड सेंट लेजर यांनी २००५ मध्ये मेटारायझियममधील या पट्ट्यांना बुरशीच्या वार्धक्याचे लक्षण म्हटले. अशा वसाहतींची किडी मारण्याची ताकदही अनेकदा उतरते, कारण आयत्या साखरेवर जगणाऱ्या बुरशीला कातडी भेदण्याची विकरे राखून ठेवण्याची गरज उरत नाही आणि ताटात जी जलद पसरते तीच पुढच्या ताटात जाते. सर्व वाण सारख्याच वेगाने बिघडत नाहीत. काही वाण अनेक वेळा लावूनही तग धरतात, तर काही थोड्याच फेऱ्यांत खचतात.

यावरचा जुना उपाय म्हणजे बुरशीला पुन्हा एकदा जिवंत किडीतून जाऊ देणे आणि त्या किडीच्या प्रेतावरून नवे कल्चर, म्हणजे माध्यमावर वाढवलेली शुद्ध बुरशी, वेगळे करणे. मारकशक्ती बहुधा परत येते. येथे वर सांगितलेल्या विसंगतीशी गल्लत होऊ नये. किडीवरचे बीजाणू थेट फवारण्यासाठी नाजूक असतात, पण नव्या कल्चरची सुरुवात करण्यासाठी तेच योग्य. अधिक खात्रीचा उपाय मूळ कल्चर फारसे हलवूच न देण्याचा आहे. अमेरिकेत इथाका येथील कृषी खात्याच्या संग्रहात कीटकनाशक बुरशींचे हजारो वाण याच हेतूने द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेले आहेत. लहान केंद्राला तेवढी सोय परवडत नसली, तरी मूळ कल्चरच्या बऱ्याच नळ्या एकाच वेळी भरून ग्लिसरॉलमध्ये खोल गोठवणे आणि प्रत्येक हंगामाला त्यातली एक उघडणे अवघड नाही. नागपुरातील केंद्रीय कापूस संशोधन संस्था किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात येणाऱ्या शेतकरी गटांनी कल्चर मागताना ते कितव्या फेरीचे आहे, हा प्रश्न विचारायला हवा.

बीजाणूंचा काटकपणा तपासण्याची पद्धतही फार खर्चीक नाही. बीजाणू निर्जंतुक पाण्यात कालवून नळी ४५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये दोन-तीन तास धरतात, मग थेंब अगारवर टाकतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली ३०० बीजाणू मोजून त्यांपैकी किती रुजले ते पाहतात. शेजारी न तापवलेल्या बीजाणूंचे ताट ठेवले की तुलना होते. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर ठेवलेल्या बादलीतले पाणीही जवळपास तेवढे तापते, पण या चाचणीत तापमान तासभरही अर्ध्या-एक अंशाने हलून चालत नाही, म्हणून वॉटर बाथला पर्याय नाही.